रावणाला न भेटलेली घोरपड

आमच्या घरात घोरपड पोटमाळ्यावर राहायची. धड जुन्या चादरीत गुंडाळलेलं, शेपूट वेगळी बांधलेली आणि डोकं पितळी पातेल्यावर उपडं घातलेलं, जबडा बसू नये म्हणून. वर्षातून एकदा, नवरात्राच्या आसपास, बाबा शिडी लावून तिला खाली काढत आणि अंगणात उन्हात टाकत. मग घरभर तूरडाळीच्या भुशाचा वास सुटे आणि आई शिंका देतादेता म्हणे, "आली बाई माहेरवाशीण! आता दिवाळी होईपर्यंत हिचेच लाड." गल्लीतली पोरं फाटकातून डोकावून "छिपकली आ गयी, छिपकली आ गयी" असा गलका करायची. बाबांना त्या शब्दाचा फार राग. हातातलं काम टाकून ते फाटकापर्यंत जात आणि समजावून सांगत, "छिपकली नहीं बेटा, गोह है. गोह. किले पर चढ़ती है."

बाबांचा धंदा लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगचा. ग्वाल्हेरच्या दालबाजारात रामस्वरूपचाचांच्या डाळीच्या गोदामावर त्यांची एक खोली होती, तेच दुकान. वर्षभर ते लोकांच्या हळदी, वरमाला आणि रडारडीच्या बिदाया टिपत. पण जीव होता तो घोरपडीत. दर वर्षी तिचा एक नवा सिनेमा ते काढायचे आणि गणेशोत्सवात आमच्या माधवगंजातल्या मराठी मंडळात दाखवायचे. स्टेजवर टेबल, टेबलावर टीव्ही, समोर सतरंज्या. आमच्या मराठ्यांच्या फौजेबरोबर एक घोरपड दक्षिणेतून आली, इथल्या किल्ल्याखाली झोपली, आणि झोपल्याझोपल्या पिढ्यान्‌पिढ्या वाढत किल्ल्याएवढी झाली, अशी ती मूळ गोष्ट. प्रत्येक भागात कशाने तरी तिची झोप मोडायची. एकदा सुरुंगाने, एकदा बँडवाल्यांच्या गोंगाटाने (हा बाबांचा स्वतःचा राग होता), एकदा पिल्लू हरवलं म्हणून. मग ती किल्ल्यावर चढायची, दोनचार बुरूज पाडायची, आणि शेवटी पाडलेलं सगळं शेपटीने लिंपून नीट करायची आणि स्वर्णरेखा नदीत आंघोळ करून पुन्हा झोपायची. बाबांना सिनेमात कुणी मेलेलं चालत नसे. मोडलेलं दुरुस्त करून जाणारा राक्षस मी तरी जगात दुसरा पाहिलेला नाही.

किल्ला म्हणजे आमचा दिवाळीचा किल्ला. मराठी घरांतली मुलं दिवाळीत अंगणात मातीचे किल्ले करतात, तसा आम्हीही करायचो. पुण्याकडचे नातेवाईक विचारायचे, यंदा कोणता गड केला? आम्ही सांगायचो, आमचा. गच्चीवर गेलं की समोर दिसायचा तोच. त्याच्या भिंतीवरच्या निळ्या फरशांसाठी आम्ही फुटक्या निळ्या बांगड्यांचे तुकडे वर्षभर जमवायचो. लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ला नुसता पाहायचा, पणत्या लावायच्या. पाडव्याच्या सकाळी बाबा खांद्यावर कॅमेरा घेऊन अंगणात पालथे पडायचे आणि घोरपड किल्ल्यावर पाय द्यायची. चिखलाचा तो बसका आवाज, वर कुठेतरी फुटणारे फटाके, स्वयंपाकघरातून येणारा चकलीचा खमंग वास, आणि बाबांचं दबलेल्या आवाजातलं "हळू, हळू, आता शेपूट फिरव!" हे सगळं आठवलं की आजही माझे तळपाय थंड पडतात. कारण तो पाय माझा असायचा.

घोरपडीच्या आत मी होते. पहिले तीन भाग माझा आतेभाऊ आत होता. पुढे तो इंदूरला नोकरीला गेला आणि जागा मला मिळाली. सोंग आईने शिवलं होतं, रामस्वरूपचाचांनी दिलेल्या बारदानांचं. खवले पण बारदानाचेच, एकावर एक टाचलेले, वरून काळा रंग. डोळ्यांना सायकलच्या मागचे लाल काचेचे दिवे, जिभेला माझी शाळेतली रिबीन. शेपटीत आधी डाळीची चुनी भरली होती. तिसऱ्या भागाच्या वेळी गल्लीतल्या गाईने ती अर्धी खाल्ली, तेव्हापासून पेंढा. माझ्यासाठी सोंग नव्याने बेतताना, मी दिवसभर शाळेत असायची म्हणून, आईने माप स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि ते मला खांद्यात कायम ढगळ व्हायचं. तक्रार केली की म्हणायची, "जाड हो जरा, बसून जाईल." ग्वाल्हेरची मराठी आमची. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि मधल्या ओसरीवर दोन्हींची खिचडी. पुण्याची मंडळी हसायची. हसोत बापडी.

आत मी आहे हे घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, ही आईची अट होती. "लोक विचारतील मुलगी काय करते, तर काय सांगू? घोरपड असते? घोरपडीला कोण स्थळ आणून राहिलंय?" आई कुरकुर करायची, दर दसऱ्याला "एकदाचं जाळा ते बारदान" म्हणायची, आणि मग चष्मा लावून रात्रीच्या जेवणाआधी उसवलेले खवले टाचत बसायची. मला वाटायचं, हिला या सगळ्याचा खरंच वीट आला आहे. आईला ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

मला मात्र घोरपड व्हायचंच नव्हतं. मला कॅमेरा हवा होता. घोरपडीच्या जबड्यातल्या फटीतून मला फक्त कॅमेऱ्याची काच दिसायची, आणि ती कुठे असायला हवी हे मला बाबांच्या आधी कळायचं. मी आतून ओरडायची, "बाबा, अजून खाली घ्या ना, किल्ला उंच दिसेल." बाबा म्हणायचे, "घोरपडीने बोलायचं नसतं." तो कॅमेरा म्हणजे घराचं पोट. बाबा त्याला कुणाला हात लावू देत नसत. धूळ पुसायलाही त्यांचं स्वतःचं धुतलेलं मलमल. मी मागत राहिले, घोरपडीसारखी चिकटून मागत राहिले, आणि दर वर्षी बाबा एकच सांगायचे: "पुढच्या वर्षी बघू."

त्या वर्षी आठवा भाग होता आणि मंडळात कुजबुज सुरू झाली होती. तेच ते पाहून लोक कंटाळले, पुढच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ठेवू, असं कुणीतरी म्हणालं. बाबा दोन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखे होते. त्याच सुमाराला मी मैत्रिणींबरोबर हिंदीत बोलणारा एक परदेशी राक्षसपट पाहून आले होते. त्यात एका सिनेमातला राक्षस दुसऱ्याच कुठल्या सिनेमातल्या राक्षसाशी येऊन भिडतो. घरी येताना फूलबागेवरून आले. तिथल्या मैदानात रामलीलावाले दसऱ्याचा रावण बांधत होते. धड उभं राहिलं होतं, दहा डोकी बाजूला गवतावर ओळीने मांडलेली. मी फाटकापाशी उभी राहिले, एक डोळा मिटला आणि अंगठा समोर धरला. लहानपणी गच्चीवरून मी अशीच अंगठ्याने अख्खा किल्ला झाकायची. अंगठा आणि रावण बरोबर एका उंचीचे झाले. जवळची घोरपड आणि लांबचा रावण! कॅमेरा जमिनीला टेकवला, घोरपड जवळ उभी केली आणि रावण मागे ठेवला, तर दोघं एकमेकांना पुरे पडतील. त्यांची घरं वेगळी, गोष्टी वेगळ्या, भाषासुद्धा वेगळी. रामलीलेचा राक्षस आणि आमची घोरपड समोरासमोर! मी घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून गच्चीवर गेले. मी मागे गेले तर ते एक डोळा मिटून किल्ल्यासमोर अंगठा धरून उभे होते. खाली येऊन म्हणाले, "कल्पना तुझी आहे. दसऱ्याला रावणाचा शॉट मी घेतो. तो जमला, तर दिवाळीत बाकीचा अख्खा भाग तू काढ. कॅमेरा तुझ्या हातात." मी उड्याच मारायला लागले, तर त्यांनी बोट वर केलं. "आणि नाही जमला, तर घोरपड बंद. मंडळाला ऑर्केस्ट्रा लखलाभ. तू बी.ए. कर आणि कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही. कबूल?" मी कबूल म्हटलं. त्या वयात माणूस कशालाही कबूल म्हणतं.

रामलीलेच्या कमिटीत रामस्वरूपचाचाच होते. आम्ही गोदामात गेलो तेव्हा ते पोत्यांच्या थप्पीवर बसून कचोरी खात होते. बाबांनी योजना सांगितली. चाचा इतके हसले की कचोरीची चटणी धोतरावर सांडली. "भाईसाहब, रावण तो खड़ा ही जलने के लिए है. आप खींचो जितना खींचना है. बस, एक बात. सूरज ढला कि रामजी तीर छोड़ देंगे. फिर हमारे रोके ना रुकेगा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बिटिया, तुम्हारी छिपकली लड़ेगी या डरेगी?" मी म्हटलं, "गोह है चाचा. लड़ेगी."

दसऱ्याचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रं पुजतात. खापरपणजोबांची तलवार कधीच कुठे गेली, त्यामुळे पाटावर कॅमेरा, त्याच्या शेजारी आईचं शिवणयंत्र, आणि त्या वर्षी माझ्या हट्टाने घोरपडीचं डोकंही. तिघांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. नैवेद्याला श्रीखंडपुरी. आईने चक्का आदल्या दिवशी टांगला होता, त्याचं टपटप गळणारं पाणी झोपेतही ऐकू येत होतं. जेवताना मी घड्याळ पाहत होते. बाबा म्हणाले, "आज वाटेत कुणाकडेही थांबायचं नाही. सरळ मैदान." आई म्हणाली, "आणि सोनं?" बाबा म्हणाले, "परत येताना."

हे वाक्य बाबा मनापासून बोलले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दसऱ्याच्या संध्याकाळी माधवगंजातून मराठी माणूस सरळ बाहेर पडू शकतो, असं ज्याला वाटतं त्याने तो प्रयत्न एकदा करून पाहावा. आमच्याकडे शमीची पानं म्हणजे सोनं. लहानांनी मोठ्यांच्या हातात ती ठेवायची, वाकून नमस्कार करायचा. वडीलधारं माणूस दारात उभं असताना सोनं न देता पुढे जाणं म्हणजे त्याला जिवंतपणी विसरणं. टेम्पो ठरवला होता. मागे मी, आई, घोरपडीचं गाठोडं आणि मांडीवर तिचं डोकं. पुढे ड्रायव्हरशेजारी कॅमेरा कवटाळून बाबा. गल्लीच्या तोंडाशीच ताईआत्या उभ्या. आता त्यांना काय सांगणार, रावण वाट पाहतोय? उतरलो, सोनं दिलं, वाकलो. त्यांनी चिवड्याच्या बशा आणल्या. पुढे बाबांचे शाळेतले गुरुजी ओट्यावर बसलेले. त्यांच्यासमोरून टेम्पोत बसून जायची बाबांची काय बिशाद! गुरुजींनी नमस्कार घेतला आणि कॅमेऱ्याची सगळी चौकशी केली. मंडळाच्या सेक्रेटरीवहिनींनी तर टेम्पोच थांबवला. "श्रीखंड खाल्ल्याशिवाय जायचं नाही, आमच्याकडे केशराचं आहे." मी रडकुंडीला आले. "अहो बाबा, चला ना, जल्दी करा, तिथे आग लागून जाईल!" वहिनी म्हणाल्या, "लागू दे गं, दर वर्षी लागते." ड्रायव्हर पहिल्या दारी हॉर्न वाजवत होता, दुसऱ्या दारी म्हणाला, "बाबूजी, रावण इंतज़ार नहीं करेगा," आणि तिसऱ्या दारी स्वतःच श्रीखंडाची वाटी घेऊन पायरीवर बसला.

शेवटचं घर अप्पांचं. मंडळातले सर्वांत वयस्कर. बाबांनी टेम्पो थांबवायला सांगितलाच, पण दाराला कुलूप. बाबांनी सोनं उंबऱ्यावर ठेवलं आणि परत येऊन बसताना म्हणाले, "अप्पा राहिले. बरं वाटत नाही." मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला की मी घोरपडीच्या डोक्यात तोंड खुपसून बसले. डाळीच्या वासात रडायला एक वेगळीच सोय असते, शिंका म्हणून खपून जातं.

टेम्पो बाड्याच्या चौकात पोचला आणि पहिला धमाका झाला. मग दुसरा. मग एकदम शेकडो. फूलबागेच्या बाजूचं आकाश केशरी झालं, आणि गर्दीचा तो आवाज आला, "जय श्रीराम" म्हणताना हजारो लोकांचा एकत्र येतो तसा. वरातीमागून घोडं म्हणतात, आमची तर घोरपड होती.

मैदानात पोचलो तेव्हा रावणाचं काहीही उभं नव्हतं. जमिनीवर निखाऱ्यांचा एक लांबट ढीग, त्यातून धूर, आणि लोक पुढे होऊन अर्धवट जळलेल्या कामट्या ओढून काढत होते. इथे तशी रीत आहे, रावणाची कामटी घरी ठेवली की बाधा येत नाही म्हणतात. राम झालेला मुलगा मुकुट काखेत धरून चहा पीत होता. रामस्वरूपचाचा धावत आले. "कहाँ रह गये भाईसाहब? दो बार रुकवाया मैंने! रामजी का हाथ दुख गया धनुष ताने-ताने!" लंकेत सोन्याच्या विटा म्हणतात. आम्ही सोनं वाटत बसलो आणि लंका जळून गेली.

बाबांनी काचेवर झाकण बसवलं. "चला," म्हणाले, "परत जाऊ." माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनाही लागलं होतं, हे मला आज कळतं. त्या वेळी फक्त एवढंच कळत होतं की आता कॅमेरा मिळणार नाही. आता नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मी गाठोड्यावर बसून मोठमोठ्याने रडले. आजूबाजूची पोरं पाहत होती, पाहू दे म्हटलं.

तेव्हा आई म्हणाली, "कॅमेरा तिला द्या."

बाबा म्हणाले, "अगं, काय काढणार ती? राख?"

"ते ती बघेल. दोष तिचा आहे का? ताईआत्यांकडे चिवडा कुणी खाल्ला?"

"आणि आत कोण जाणार मग? मी तर त्यात मावत नाही."

आईने दसऱ्याची नवी साडी वर खोचली, पदर कमरेला घट्ट बांधला, मला गाठोड्यावरून उठवलं आणि त्याची गाठ सोडली. "माप कुणाचं आहे?" ती म्हणाली.

बाबांचं तोंड उघडं राहिलं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, पुढेही क्वचितच पाहिलं. आई बारदानात शिरली. मागचे हूक मी लावले. खांदे नीट बसले. इतकी वर्षं माझ्यावर लोंबणारी घोरपड पहिल्यांदा अंगासरशी झाली होती. डोकं घालायच्या आधी आई हळूच मला म्हणाली, "किती वर्षं बघतेय मी, तू नुसती हात हलवतेस. मान हलवत नाहीस." म्हणजे हिला या सगळ्याचा वीट आला होता ना? वीट बिट काही नव्हता. बाई आपली पाळी यायची वाट पाहत होती.

बाबांनी कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला. किती जड होता! एका डोळ्याला ती छोटी करडी खिडकी लागली आणि मैदान एकदम गप्प झाल्यासारखं वाटलं. मला शॉट सुचेना. रावण नाही, उंची नाही, लढाई नाही. माणसांमध्ये उभी असलेली घोरपड माणसाएवढीच दिसत होती. बाबा बाजूला लाइट धरून उभे होते, आणि मला वाटलं आता ते म्हणतील, जमत नाही ना, दे इकडे. ते म्हणाले नाहीत. आई मात्र कुणाची वाट न पाहता चालायला लागली. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, सावकाश. निखाऱ्यांपाशी जाऊन ती थांबली आणि मान खाली घालून उभी राहिली. भेटायला आलेल्या पाहुण्याला घर बंद दिसावं, तशी. मी गुडघ्यावर बसले. पोरं गोळा झाली, पण कुणी छिपकली म्हटलं नाही. एका लहान मुलीने आपल्या हातातली रावणाची कामटी तिच्यापुढे केली. "ले लो," ती म्हणाली, "मैं और ले आऊँगी." घोरपडीने ती पंजात घेतली.

आणि गर्दीतून अप्पा आले. नातवाला रावण दाखवायला तेही इथेच आले होते, म्हणून दाराला कुलूप. काठी टेकत ते घोरपडीपाशी गेले, चष्म्यातून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खिशातून शमीची दोन पानं काढली. "हिला सोनं दिलं की नाही कुणी? आपलीच आहे ती. दक्षिणेतली." त्यांनी पानं तिच्या पंजावर ठेवली.

आई वाकली. दोन्ही पंजे गळ्याशी नेऊन तिने नसलेला पदर सावरला, आणि त्या पेंढ्याच्या शेपटीसकट, खवल्यांसकट, लाल डोळ्यांसकट अप्पांच्या पायांशी वाकून तीनदा नमस्कार केला. किल्ल्याएवढी ती घोरपड! आधी हशा पिकला. मग टाळ्या वाजल्या. मग रामस्वरूपचाचांना काय वाटलं कोण जाणे, तेही खाली वाकून अप्पांच्या पाया पडले, आणि त्यांच्यामागे राम झालेला मुलगाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खांदा हलला नाही. बाबांनी नंतर ती कॅसेट पाहिली तेव्हा ते पहिलं वाक्य हेच बोलले: "खांदा हलला नाही."

पुढच्या गणेशोत्सवात मंडळाने ऑर्केस्ट्रा ठेवला, आणि ऑर्केस्ट्राच्या आधी आमचा आठवा भाग. रावणाशी लढाई त्यात नव्हतीच. घोरपड रावणाला भेटायला निघते, वाटेत सगळ्यांना सोनं देत बसते आणि पोचते तेव्हा रावण गेलेला असतो, एवढीच गोष्ट. वाटेतली दारं मी दिवाळीत अंगणातच काढली, पुठ्ठ्याची घरं करून, आत पुन्हा आईच. दर वर्षी बाबा माइक घेऊन गोष्ट सांगायचे. त्या वर्षी शेवटचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी माइक बंद करून मांडीवर ठेवला. पडद्यावर घोरपडीने पदर सावरला आणि बायकांच्या बाजूने ताईआत्या ओरडल्या, "अगं बाई, ही तर आपली वहिनी!" आई मागच्या रांगेत बसली होती. तिने तोंडाला खराखुरा पदर लावला, पण उठून गेली नाही.

शॉट जमला होता की नाही, हे बाबांनी मला कधीच सांगितलं नाही. लग्नसराई सुरू झाली तशी एक दिवस दुकानातून निघताना त्यांनी कॅमेऱ्याची पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हळदीला बायकांच्या खोलीत मला अवघडल्यासारखं होतं. तू जा." तिथून पुढे मी जन्मभर तेच केलं. दालबाजारातली ती खोली नंतर माझी झाली. किती मुलींना मी डोळे पुसताना पाहिलं असेल, एक डोळा मिटून. स्थळही आलंच. मुलाने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की घोरपडीच्या आत तूच होतीस का. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, आठव्या भागात मात्र नव्हतीस. अशा बारकाईने पाहणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार?

बाबा आता नाहीत. दुकान मी गेल्या वर्षी बंद केलं. माझी मुलगी मुक्ता पुण्यात कॉम्प्युटरवर सिनेमांतली चित्रं हलवण्याचं काम करते. या दसऱ्याला ती घरी आली तेव्हा तिने त्या जुन्या कॅसेटी तिच्या यंत्रात उतरवून घेतल्या आणि आम्ही तिघींनी आठवा भाग पाहिला. चित्र फिकं झालंय, धूर नुसता पांढरा दिसतो. मुक्ता म्हणाली, "आई, तुला पाहिजे होता तसा रावण मी आता यात उभा करून देऊ शकते. शंभर फुटी, दहाही तोंडं हलणारी. तुझी ती राहिलेली लढाई होऊन जाईल ना." मला मोह झाला, खोटं कशाला सांगू. कॉलेजातली ती अंगठा धरून उभी असलेली मुलगी माझ्यात अजून आहे. मी म्हटलं, पण घोरपड? ती तर केव्हाच विरून गेली, आता कुठून आणायची? मुक्ता म्हणाली, तीही कॉम्प्युटरमध्ये.

आई पलंगावर बसून वाटीतलं श्रीखंड चाटत होती. ऐंशी उलटली आहे तिची, गुडघे दुखतात, कान बरेचसे गेले आहेत. एवढं मात्र तिला बरोबर ऐकू आलं. वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "रावण खुशाल तुझ्या यंत्रात कर. दालबाजारात अजून बारदान मिळून जातं. आत मी जाईन." मग माझ्याकडे बोट दाखवून मुक्ताला म्हणाली, "आणि कॅमेरा हिला दे. हिचा खांदा हलत नाही."